आतली गळती

प्रस्तावना

ट्रॅक्टरच्या टिपिंग ट्रॉलीचा हौदा रात्री वर उचलून ठेवला आणि सकाळी पाहिले तर चार बोटे खाली आलेला. जमिनीवर तेलाचा थेंब नाही. होज कोरडा. टाकीचे झाकण उघडावे तर तेल कमी नाही, उलट कणभर वर चढलेले. मालक डोके खाजवतो, ‘तेल कुठंच गेलं नाही, मग हौदा बसला कसा?’ निफाड, पिंपळगाव, ओझर या द्राक्षपट्ट्यातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकला हा प्रश्न नवा नाही. तो न बोलता व्हॉल्व्हच्या ब्लॉककडे बोट दाखवतो. तेल बाहेर गेलेलेच नसते. हौद्याच्या ओझ्याने ते व्हॉल्व्हच्या फटीतून रात्रभर मुंगीच्या पावलाने टाकीत परतलेले असते.

बाहेरची गळती कुणालाही दिसते, अगदी मालकालाही. ही आतली. हे पुस्तक मुख्यतः तिच्याबद्दल आहे. फक्त ट्रॉलीच्या जागी घरी बांधलेले छोटे विमान आहे आणि हौद्याच्या जागी त्याची आत मिटणारी चाके.

‘घरी बांधलेले विमान’ म्हटले की आपल्याकडे माणसे अजून गालात हसतात. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी आली आणि 2020 मध्ये नाशिकहून दीडेकशे किलोमीटरवर, धुळ्याच्या धावपट्टीवर, त्याच्या चाचण्या झाल्या. वर्तमानपत्रांत गच्ची आली, परवान्यासाठीची वणवण आली, मंत्र्यांबरोबरचे फोटो आले. फिटरला ज्यात रस असतो त्यातले काही आले नाही: कोणता पाइप, कोणते सील, काय पहिल्यांदा चुकले आणि कसे सापडले. आपली सवयच तशी आहे. विमानाचा विषय निघाला की चहा संपायच्या आत 1895 साली चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवल्याची कथा निघते. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही, पण कथा काही थांबत नाही. पाना हातात घेऊन विमानाखाली पडलेल्या माणसाची कथा कुणी विचारत नाही.

बाहेर हा छंद मोठा आहे. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकीत ‘ईएए’ ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. तिथल्या नियमाप्रमाणे विमानाचे निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेले असले, तर ते हौशी बांधणीचे विमान म्हणून नोंदवता येते. किट येते, नकाशे येतात, कुटुंब गॅरेज सोडते आणि पाच-सात वर्षे जातात. रिचर्ड व्हॅनग्रनस्वेन यांच्या आरव्ही मालिकेची दहा हजारांहून अधिक विमाने अशीच घराघरांत बांधली जाऊन उडाली. आणि त्या मालिकेतल्या एकाही विमानाची चाके आत जात नाहीत.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला बोल लावायला नको. तुमचे हे पहिलेच विमान असेल तर त्याला आत मिटणारी चाके लावू नका. लहान विमानाला नीट आवरण घातलेल्या पक्क्या पायांमुळे वेगात जो तोटा होतो तो थोडा असतो. त्याच्या बदल्यात पंप, मोटर, तीन सिलिंडर, डझनभर स्विच आणि चाके उतरवायला विसरण्याची सोय हे सगळे गळ्यात पडत नाही. मिटणाऱ्या चाकांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहिणे प्रकाशकाला रुचले नाही. तरी लिहिले. हे वाचूनही ज्यांना ती हवीतच, आणि ज्यांच्याकडे ती आधीच आहेत, त्यांच्यासाठी पुढची पाने.

नाशिकमध्ये बसून हे लिहायला एक कारण आहे. 1962 च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 1963 मध्ये नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले आणि 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. कागदावर ते एचएएल. पण तालुक्यातली जुनी माणसे अजून ‘पोरगा मिगमध्ये आहे’ असेच म्हणतात. मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंत शेकडो लढाऊ विमाने तिथे जुळली. शेजारी हवाई दलाचा 11 क्रमांकाचा दुरुस्ती डेपो. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 चंदीगडला सेवेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात, 17 ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून इथे जुळलेले पहिले तेजस मार्क-1ए उडाले. त्याच दिवशी एचटीटी-40 या पंख्याच्या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन रांगही इथे सुरू झाली.

म्हणजे साठ वर्षे या जिल्ह्यात माणसे विमानाची चाके जॅकवर आत-बाहेर करून पाहत आहेत. सातपूर-अंबडला मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर आहेत, होनिंग करणारे आहेत, डिझेल नोझलचे काम केलेले हात आहेत. एवढे असून या कामाची मराठीत छापलेली चार पाने शोधायला गेलो तर मला मिळाली नाहीत. जे काही आहे ते रशियनवरून उतरवलेल्या इंग्रजीत किंवा सरळ इंग्रजीत, आणि उरलेले निवृत्त माणसांच्या डोक्यात. शॉपमध्ये मात्र सगळे बोलणे मराठीतच होते: प्रेशर बसतंय, हवा धरली, सील गेला, स्नॅग रिपीट झाला. त्याच भाषेत पुस्तक लिहायचे ठरवले. बिघाडाला ‘स्नॅग’ म्हणतात तर स्नॅगच लिहिले आहे. ‘दोष’ लिहिले असते तर कुणाचा, असा प्रश्न आला असता.

मिग-21 मध्ये तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोनशे दहा किलोच्या घरात. तेल एएमजी-10, लाल. हायड्रॉलिक निकामी झाले तर चाके उतरवायला दाबलेल्या हवेची वेगळी बाटली. आपल्या छोट्या विमानाचा जीव त्या मानाने लहान. दोन-चार आसनी विमानात बहुधा एक विद्युत मोटर, तिला जोडलेला पंप आणि त्यालाच चिकटलेली पाव-अर्धा लिटरची टाकी असा एकच गड्डा असतो. त्याला पावर पॅक म्हणतात. मोटर एका दिशेने फिरली की तेल ‘वर’च्या नळीत जाते, उलटी फिरली की ‘खाली’च्या. प्रत्येक पायाला एक सिलिंडर. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. किटच्या पुस्तकात हा आकडा पीएसआयमध्ये असतो. आपल्या मापात न्यायचा तर चौदाने भागावे. हजार पीएसआय म्हणजे साधारण सत्तर किलो. पंचवीस मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरला सत्तर किलो दाब दिला की दांडा साडेतीनशे किलोला थोडा कमी इतक्या जोराने बाहेर येतो. तोच दाब दांड्याच्या बाजूने दिला आणि दांडा बारा मिलिमीटरचा असला, तर जोर अडीचशेच्या थोडा वर. दांड्याने जागा खाल्ली ना. वर जाताना चाके रेंगाळतात आणि खाली येताना धाडकन येतात, याचे निम्मे उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे आणि काही वेळा उरलेले निम्मे या हिशोबात.

चाके खाली आल्यावर पायाच्या सांध्याचा कोन मध्यरेषेच्या किंचित पलीकडे जातो आणि अडकतो. घडीच्या टेबलाच्या पायाची पट्टी जशी टक्कन बसते तसे. तिथे तेलाची गरज उरत नाही. वर मात्र बऱ्याच छोट्या विमानांत असे कुलूप नसते. चाके पोटात राहतात ती केवळ नळीत कोंडलेल्या तेलाच्या जोरावर. हे काटकसरीपोटी केलेले असले तरी शहाणपणाचेही आहे: तेल गेले, वीज गेली, पंप मेला, तरी डंप व्हॉल्व्ह उघडला की चाके मुख्यतः आपल्या वजनाने खाली येतात. चुकायचेच असेल तर चाके खाली येण्याच्या बाजूला चुकावे. पण याच रचनेमुळे आतल्या गळतीला जागा मिळते.

ती अशी कळते. विमान सरळ पातळीत चालले आहे, चाके वर आहेत, आणि मध्येच पायाशी ‘घुर्र’ करून पंप एक सेकंद चालतो. थोड्या वेळाने पुन्हा. कोंडलेला दाब कुठेतरी झिरपतो आहे, प्रेशर स्विचला तो खाली गेल्याचे कळते, पंप पुन्हा भरून देतो. पहिला धडा इथेच आहे, आणि तो पंपाला हात लावायचा नाही. घड्याळ पाहायचे. विमान वर चढत असताना बाहेरची हवा दर हजार फुटांना सुमारे दोन अंशांनी गार होते. नळ्यांतले तेल गार होऊन आकसते आणि कोंडलेल्या तेलाचा दाब एखाददुसऱ्या अंशानेही बराच उतरतो. तेव्हा चढताना एक-दोनदा पंप घुरघुरला तर तो हवामानाचा खेळ. पातळीत येऊन अर्धा तास झाला, तापमान स्थिरावले, तरी दर चार मिनिटांनी घुर्र होतेच आहे, तर ती गळती. आणि गेल्या महिन्यात हे दर वीस मिनिटांनी होत होते हे तुम्हाला माहीत असेल, तर ती वाढती गळती. गेल्या महिन्याचे माहीत नसेल तर तुमच्या हातात फक्त आवाज आहे.

गळती आहे हे ठरले, पण कुठे? तीन सिलिंडरचे पिस्टन सील, पावर पॅकमधला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि डंप व्हॉल्व्ह, हे पाच संशयित. इथे माझी एक चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका धावपट्टीवर एका छोट्या विमानाचा हाच स्नॅग होता. सही करणारा परवानाधारक इंजिनिअर वेगळा, मी मदतनीस. घाई होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, सिलिंडरचे सील गेले. डावा उघडला: ओ-रिंग ठीक, पण उघडलाच आहे म्हणून बदलली. उजवा उघडला: ठीक, बदलली. पुढचा तर अशा अडचणीच्या जागी की मनगटाची साल निघाली, तोही ठीक. दोन दिवस गेले. जोडून जॅकवर चाचणी घेतली तर घुर्र पूर्वीइतक्याच अंतराने, आणि वर एका जोडावर बाहेरची गळती, जी आधी नव्हती, ती मी दिलेली. शेवटी इंजिनिअरने न रागावता एक काम केले. चाके वर घेतली, पंपाचा ब्रेकर ओढला, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक डंप व्हॉल्व्हच्या अंगावर टेकवले आणि मूठ माझ्या कानाला लावली. आत बारीक ‘सूं’ ऐकू येत होते. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा ओ-रिंगवर केसाएवढी चीर होती, भिंगातून दिसणारी. त्या ओ-रिंगची किंमत त्या काळी एका चहापेक्षा कमी होती.

चूक सील ओळखण्याची नव्हती. मी तिन्ही सिलिंडर उघडले पण एकही वेगळा करून तपासला नाही. ‘वर’ची नळी पावर पॅकपाशीच बंद करून घेतली असती आणि दाब तरीही उतरला असता, तर तिन्ही सिलिंडर दहा मिनिटांत निर्दोष सुटले असते. मग उरते पावर पॅकचे पोट. सिलिंडरच्या बाजूचा संशय असेल तर एकेक नळी टोपी लावून बंद करायची, दर वेळी एकच, आणि प्रेशर गेजचा काटा किती मिनिटांत किती उतरतो ते पाहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर मिळाले तरी कुणाचे ते कळत नाही. पुस्तकातले तिसरे प्रकरण पूर्ण यावर आहे आणि ते सगळ्यात लांब झाले आहे. ते मी कापू दिले नाही.

सीलचा विषय निघालाच आहे तर घरी करता येण्यासारखा एक प्रयोग. कारच्या ब्रेकच्या दुरुस्ती किटमधला रबरी सील घ्या आणि हायड्रॉलिकच्या लाल तेलात, म्हणजे एमआयएल-एच-5606 प्रकारच्या खनिज तेलात, काचेच्या बाटलीत बुडवून ठेवा. चार-आठ दिवसांनी काढा. तो फुगून लिबलिबीत झालेला असेल. ब्रेकचा रबर ईपीडीएम जातीचा, त्याची ग्लायकॉलच्या ब्रेक ऑईलशी सोयरीक. विमानाच्या लाल तेलाची नायट्राइल रबराशी. एकाचा रबर दुसऱ्याच्या तेलात गेला की घटस्फोट ठरलेला. म्हणून कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ‘मापाला बसतोय’ म्हणून आणलेली ओ-रिंग आणि ‘ब्रेकचंच तर आहे’ म्हणून टाकीत ओतलेले तेल, या दोन्हींनी आधी काहीच होत नाही. आठवड्याने होते, आणि तेव्हा तुम्ही जमिनीवर असालच असे नाही. रंगावरही जाऊ नका. गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेलही लालच असते. मोठ्या प्रवासी विमानांतले जांभळट तेल तर नायट्राइलला सरळ खाते. डब्यावरचा क्रमांक वाचायचा आणि डबा नसेल तर ते तेल वापरायचे नाही.

बाहेरची गळती सोपी म्हणालो खरा, पण एका प्रकाराने भल्याभल्यांना छळले आहे. विमानाच्या नळीचे फुगवलेले तोंड सदतीस अंशांचे असते. फ्रिज-एसीवाल्याकडे आणि गॅरेजमध्ये जे फ्लेअरिंग टूल असते ते पंचेचाळीसचे. डोळ्याला फरक दिसत नाही. नट आवळला की जोड बसल्यासारखा वाटतो, पण आत पूर्ण शंकूऐवजी एक बारीक कड टेकलेली असते. गळले की माणूस आणखी आवळतो, ॲल्युमिनियमची नळी कडेला चिरते, आणि मग खरेच गळते. दोनदा आवळूनही थेंब येत असेल तर तिसऱ्यांदा आवळू नका. नट सोडा आणि नळीचे तोंड भिंगाखाली धरा. अशी गळती शोधताना दाब असलेल्या नळीवरून बोट कधीही फिरवू नये. सुईएवढ्या भोकातून येणारे तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि पुढे बोट कापावे लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि तसे कधी झालेच तर ‘काही नाही, टोचलंय’ म्हणून घरी न जाता थेट हॉस्पिटलमध्ये जा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे शब्द वापरा.

आता वीज. हायड्रॉलिकवाल्यांना हा भाग नकोसा असतो, आणि माझ्या अनुभवात ‘हायड्रॉलिकचे’ म्हणून आलेले बरेचसे स्नॅग शेवटी इथेच सापडतात. पंपाची मोटर सुरू होताना दांडगा करंट ओढते. मल्टिमीटर मात्र करंट घेतच नाही म्हटले तरी चालेल. वायरच्या बारा तारांपैकी अकरा तुटल्या असल्या तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. माणूस म्हणतो, वीज येतेय, म्हणजे मोटर गेली. रिक्षाच्या इलेक्ट्रिशियनकडे दोन वायरी लावलेला हेडलाइटचा बल्ब असतो, तो लावा. बल्ब मिणमिणला तर वीज ‘येतेय’ हे खोटे. अर्थ वायरचा गंजलेला लग, थकलेली बॅटरी, चिकटणारा रिले: मोटर खोलण्याआधी एवढे पाहायचे.

माइक्रो स्विचचेही तसेच. चाक खाली येऊन अडकले आहे हे वैमानिकाला सांगणारा तो एक निरोप्या, आणि तो चिखलात बसतो. पावसाळ्यात गवताळ धावपट्टीवरची काळी माती त्याच्या जिभेखाली वाळली की एक मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्याने हिरवा दिवा लागत नाही. दिवा लागला नाही याचे दोन अर्थ असतात. चाक नाही, किंवा दिवा नाही. हे दोन अर्थ वेगळे न काढल्याने काय होते त्याच्या गोष्टी मोठ्या विमानांच्या आहेत, पण घरी बांधणाऱ्याने त्या पाठ कराव्यात.

29 डिसेंबर 1972 च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे 401 क्रमांकाचे विमान मायामीला उतरत होते. पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. चाक खाली होते. बल्ब जळाले होते. कॉकपिटमधल्या सगळ्यांचे लक्ष त्या दिव्यातच अडकून राहिले, उंची धरून ठेवणारी यंत्रणा सुटल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही आणि विमान दलदलीत उतरले. 101 माणसे गेली. सहा वर्षांनी, 28 डिसेंबर 1978 ला, युनायटेडचे 173 हे डीसी-8 पोर्टलंडला उतरत होते. उजव्या पायाच्या सिलिंडरचा दांडा टोकाशी गंजून कमजोर झाला होता. तो निसटला, पाय धाडकन खाली आपटला आणि त्या दणक्यात दिव्याच्या स्विचचे काम बिघडले. चाके खालीच होती. वैमानिक खात्री करत आणि प्रवाशांची तयारी करत तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपले. दहाजण मेले. या अपघातानंतर कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे शिक्षण सुरू झाले, आणि त्याचे श्रेय योग्यच दिले जाते. मी फिटर असल्याने माझी नजर त्या गंजलेल्या आट्यांवर जाते. जॅकवर चाके चढवली-उतरवली असती तर तो दांडा तिथेही काम करताना दिसला असता. गंज मात्र चिंधीने पुसून, टॉर्च लावून, दांड्याचे टोक पाहिले तरच दिसतो.

नाशिकची म्हणून एक खास अडचण आहे. ओझर ज्या निफाड तालुक्यात येते तिथला हिवाळा राज्यात गाजलेला. गव्हाच्या संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर गेला की बातमी होते, आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. मे महिन्यात तोच पारा चाळीस. बऱ्याच छोट्या विमानांत पुढचे चाक मागे दुमडते, म्हणजे उतरताना त्याला समोरच्या वाऱ्याविरुद्ध यावे लागते. आणीबाणीत नुसत्या वजनाने ते येत नाही, म्हणून मदतीला गॅस स्प्रिंग असते, मोटारीच्या डिकीला असते तशीच. डिकीचा दांडा थंडीत दम सोडतो हे सगळ्यांना माहीत आहे. चाळीस अंशांवरून पाचवर आले की आतल्या वायूचा दाब सुमारे अकरा टक्क्यांनी उतरतो. मेमध्ये चाचणीत जेमतेम पास झालेली स्प्रिंग जानेवारीच्या सकाळी नापास होईल, आणि जमिनीवर जॅकवर घेतलेल्या चाचणीत समोरून वारा नसतोच. म्हणून पुढचे चाक फक्त खाली येते का एवढे पाहून भागत नाही. स्प्रिंगचा जोर काट्याने मोजावा लागतो. त्याची रीत पाचव्या प्रकरणात आकृतीसह दिली आहे. भाजीवाल्याचा स्प्रिंग काटा पुरतो.

जॅकबद्दल पुस्तकात ठायी ठायी लिहिले आहे, तरी इथेही. चाके आत घ्यायची म्हणजे विमान हवेत टांगायचे. शेपटीला वजन बांधलेले असावे, जॅक कठीण जमिनीवर असावेत, आत एकच माणूस बसेल आणि बाहेरचा ‘मोकळे’ असे मोठ्याने म्हणाल्याशिवाय तो हँडलला हात लावणार नाही. मिटणारा पाय माणूस आणि पत्रा यांत फरक करत नाही. नोंदणी झालेल्या विमानावरचे काम ज्याला सहीचा अधिकार आहे त्याच्या नजरेखालीच व्हायला हवे. हे पुस्तक त्या सहीची जागा घेत नाही, आणि तुमच्या किटच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर माझा आकडा खोटा धरावा.

एक शेवटची बाब, जिच्यासाठी पुस्तकाची रचना जरा विचित्र झाली आहे. तेलाला सगळ्यात सोपी वाट लागते, म्हणून तीन पाय एकदम कधीच हलत नाहीत. एखाद्या विमानात आधी डावा जातो, मग पुढचा, शेवटी उजवा. त्यात बिघाड नाही. ती त्या विमानाची चाल आहे. पण कायम डावा आधी जाणाऱ्या विमानात आज उजवा आधी गेला, तर काहीतरी घडते आहे: डाव्या सांध्याचे ग्रीस सुकले असेल, नळी कुठे चेपली असेल, सील फुगू लागला असेल. दिवा लागायला, काटा उतरायला, थेंब पडायला अजून वेळ असतो. ही खबर फक्त त्यालाच मिळते ज्याने सगळे ठीक असताना वेळ मोजून ठेवली आहे. बिघडल्यावर मोजमापे घेणारे पुष्कळ भेटतात. चांगले चाललेले असताना स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस मला तीस वर्षांत दोन हातांच्या बोटांवर मोजावा इतकाच भेटला, आणि त्यांच्यातल्या एकालाही स्नॅग शोधायला दोन दिवस लागले नाहीत.

म्हणून शेवटची चोवीस पाने कोरी ठेवली आहेत. रकाने आखले आहेत: तारीख, तापमान, बॅटरीचे व्होल्ट, प्रत्येक पाय वर जायला आणि खाली यायला लागलेले सेकंद, कोणता आधी, पंप बंद झाल्यावर दहा मिनिटांनी काट्याचा आकडा. विमान नवे असताना, काहीही बिघडलेले नसताना, पहिली ओळ भरा. अधिकृत लॉगबुक शाईनेच लिहायचे असते. ही पाने मात्र पेन्सिलने भरा, तेलकट हाताने शाई फासते.